वही कोणाच्या हातात?

(रत्नागिरी येथे सहाय्यक मंडळींच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मला विषय दिला आहे ‘शिक्षण आणि लघुउद्योगांची वाढ’. निरोप आला तेव्हा मला वाटले, हा विषय बँकेच्या साहेबांना द्यायला हवा होता. मी काम करते कातकरी वाड्यांमध्ये. तिथे उद्योग म्हणजे जळाऊ लाकडाची मोळी, खेकडे, पावसाळ्यात रस्त्याकडेला विकायची रानभाजी. पण दोन-चार दिवस विचार केला तेव्हा लक्षात आले, की गेली काही वर्षे मी दुसऱ्या कशावर विचारच केलेला नाही. तेव्हा जे पाहिले आणि जिथे चुकले ते आपल्यापुढे ठेवते. त्यातली एक चूक याच त्रैमासिकात छापून आलेली आहे, तीही आज सांगणार आहे.

सुरुवात पवित्र शास्त्रापासून करू. दुसऱ्या राजांच्या पुस्तकात, चौथ्या अध्यायात, एका विधवेची गोष्ट आहे. आपण ती शब्बाथ शाळेपासून ऐकत आलो. नवरा मेला, कर्ज राहिले आणि सावकार तिच्या दोन मुलांना दास करून न्यायला निघाला. ती अलीशाकडे येते. अलीशा तिला विचारतो, की तुझ्या घरात काय आहे? ती म्हणते, तेलाच्या एका कुपीशिवाय काही नाही. मग तो तिला शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणायला सांगतो. पुढे भांडी भरतात, हे आपल्याला ठाऊक आहे. सेमिनरीत मी हा उतारा चमत्कार म्हणून शिकले. वाडीत काम करताना त्याचा शेवट मला नव्याने कळला. तेल भरल्यावर अलीशा तिला सांगतो, जा, तेल वीक, कर्ज फेड आणि उरेल त्यावर तू आणि तुझी मुले जगा. तेल विकले तिने, कर्ज फेडले तिने. अलीशाने तिचा हिशेब स्वतःकडे ठेवला नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, मला पुन्हा त्याच्याकडे यायचे आहे.

आता कातकऱ्यांविषयी. आपल्यापैकी पुष्कळांनी त्यांना आंब्याच्या बागेत राखण करताना किंवा चिऱ्याच्या खाणीवर पाहिले असेल. महाराष्ट्रात तीन जमाती विशेष असुरक्षित आदिम जमाती म्हणून गणल्या जातात. कोलाम, माडिया गोंड आणि कातकरी. आपल्या जिल्ह्यात कातकरी मुख्यतः उत्तरेकडे, मंडणगड, दापोली, खेड, चिपळूण या तालुक्यांत, गावाच्या कडेला वाडी करून राहतात. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची साक्षरता ८२ टक्क्यांच्या वर होती. आपल्याला त्याचा अभिमान आहे आणि तो असावाही. पण तो आकडा घेऊन कातकरवाडीत गेलात तर तो कुठे बसवावा हे कळणार नाही.

त्यांचे नावच एका उद्योगावरून पडले आहे. खैराच्या गाभ्याचे तुकडे करायचे, ते उकळायचे, रस आटवायचा आणि त्याचा कात पाडायचा. जो कात पानात जातो, तो करणारा तो कातकरी. म्हणजे या लोकांना उद्योग माहीत नव्हता असे म्हणणे चूक आहे. कच्चा माल ओळखणे, भट्टी लावणे, आच सांभाळणे, माल तयार करणे हे सगळे त्यांच्या हातात होते. पण माल तोलणारा आणि भाव लिहिणारा दुसरा होता. पुढे १८७८ च्या जंगल कायद्यानंतर जंगलावर सरकारचा ताबा घट्ट झाला, खैर तोडणे अवघड झाले, आणि कातकऱ्याच्या हातून तो धंदाही सुटला. आज कात कारखान्यात होतो. कातकऱ्याकडे नाव राहिले.

आपल्या मिशनच्या इतिहासाचा एक धागा इथे येतो. स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे डोनाल्ड मिचेल १८२३ साली बाणकोटला आले आणि त्याच वर्षी वारले. त्यांच्यामागून आलेल्यांनी बाणकोट आणि हर्णै या भागांत मराठी शाळा काढल्या. पुढे ज्यांच्या नावाने मुंबईत विल्सन कॉलेज उभे राहिले ते डॉ. जॉन विल्सन १८२९ साली मराठी शिकायला आले ते आपल्या हर्णैलाच. त्याच विल्सनसाहेबांनी १८४३ मध्ये उत्तर कोकणातील वारली आणि काथोडी, म्हणजे कातकरी, यांच्याविषयी लेख प्रसिद्ध केला. आपल्या पूर्वसूरींनी या लोकांना पाहिले होते, त्यांच्याविषयी लिहिलेही होते. त्याला पावणेदोनशेहून अधिक वर्षे झाली. बाणकोट आणि हर्णै या बंदरांपासून काही तासांच्या चालीवर असलेल्या वाड्यांत आजही अंगठा उठवणाऱ्या आज्या मला भेटतात. हे मी कोणाला दोष देण्यासाठी सांगत नाही. काम अर्धे राहिले आहे, एवढेच सांगते.

आता मुकादमाची वही म्हणजे काय ते सांगते. पाऊस संपतो, भातकापणी उरकते, हातातले काम संपते. दिवाळीच्या सुमारास वीटभट्टीचा मुकादम वाडीत येतो. तो घराला उचल देतो, म्हणजे आगाऊ रक्कम. त्या पैशात आजारपण निघते, लग्न निघते, छपराचा कागद येतो. मग घरातली सगळी माणसे भट्टीवर जातात आणि मे अखेरीस, पावसाच्या तोंडावर परत येतात. दर हजार विटांमागे मजुरी ठरलेली असते. त्यातून उचल वळती होते, आठवड्याचा खर्च वळता होतो. हे सगळे मुकादम वहीत लिहितो. वही त्याची, पेन त्याचे, बेरीज त्याची. हंगाम संपला की तो सांगतो, अजून एवढे फिटायचे राहिले. पुढच्या दिवाळीला पुन्हा जायचे हे त्याच क्षणी ठरून जाते. १९७६ चा वेठबिगार पद्धती निर्मूलनाचा कायदा आहे. पण हिशेबाचा कागद मुकादमाच्या पिशवीत असतो.

आपण नाताळात वाडीवर कपडे आणि खाऊ घेऊन जातो. ज्यांनी हे केले आहे त्यांना आठवत असेल, निम्म्या घरांना कडी असते. दारात दोन म्हातारी माणसे आणि कुत्री. आपण विचारतो, पोरे कुठे? पोरे भट्टीवर. म्हणजे आपण भेट घेऊन जातो त्या दिवसांत ज्याला द्यायची तो तिथे नसतो. शाळेतही तेच. जूनला पट भरतो, नोव्हेंबरला रिकामा होतो. बालकांच्या शिक्षणाचा हक्क २००९ च्या कायद्याने दिला, सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला वयाप्रमाणे वर्गात बसता येते. पण वर्षातले सहा-सात महिने जे मूल भट्टीवर धाकट्या भावंडाला सांभाळते ते आठवीच्या वर्गात बसले तरी दुसरीचे पुस्तक वाचू शकत नाही. गुरुजी तरी काय करतील?

म्हणून आम्ही ठरवले, की वाडीतच काही उद्योग सुरू करायचा, म्हणजे निदान काही घरांना उचल घ्यावी लागणार नाही. अलीशाचा प्रश्न आम्ही विचारला, घरात काय आहे? बायका म्हणाल्या, रानात रातांबे आहेत. एप्रिल-मे महिन्यांत रातांबा पिकतो. व्यापारी तो ओलाच घेऊन जातो, कारण ओले फळ टिकत नाही आणि विकणाऱ्याला घाई असते. तेच फळ फोडून, बी वेगळी काढून, मिठाचा रस सालींना पुन्हा पुन्हा लावून कडक उन्हात वाळवले की आमसूल होते. रसाचे आगळ होते, बियांचे मुठेल निघते. तिन्ही वस्तू टिकतात. टिकणाऱ्या वस्तूचा मालक थांबू शकतो, आणि जो थांबू शकतो त्याला भाव विचारता येतो. शिवाय सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये आणि कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. आपल्या जिल्ह्याच्या नावाला बाजारात किंमत आहे.

उचल न घेतलेल्या घरांतल्या अकरा बायका एकत्र आल्या. आपण दिलेल्या अर्पणातून आम्ही पिंपे, सुऱ्या, जाळीच्या चटया आणि एक तराजू घेतला. चार हंगाम काम चालले. त्या चारही हंगामांत हिशेबाची वही मी ठेवली. का ठेवली? कारण ते सोपे होते. मी लिहिले तर दहा मिनिटांत होत होते. बायकांना शिकवायचे तर दोन वर्षे लागली असती, आणि मला तर अहवाल द्यायचा होता. दर वर्षी मी याच त्रैमासिकात लिहिले, की गटाला नफा झाला. आपण वाचून आनंद मानला, काहींनी पत्रेही पाठवली.

पाचव्या हंगामात, ऐन मे महिन्यात, माझी आई आजारी पडली आणि मी तीन आठवडे वाडीवर जाऊ शकले नाही. त्या दिवसांत एक व्यापारी आला, माल उचलला आणि एक चिठ्ठी देऊन गेला. मी परतले तेव्हा आजीने ती चिठ्ठी पदराच्या गाठीतून काढून दिली. ती जपून ठेवली होती, जसे आपण नोट जपतो. चिठ्ठीवर वजन होते ते बायकांच्या आठवणीतल्या वजनापेक्षा कमी होते, आणि खाली लिहिले होते ‘बाकी उधार’. ना तारीख, ना सही, ना पूर्ण नाव. तो पैसा पुरता कधीच आला नाही.

मी फार चिडले. व्यापाऱ्याला बोल लावले. आजी शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, “ताई, मुकादमाच्या वहीत काय हाय ते आम्हाला ठाव नाय. तुझ्या वहीत काय हाय ते पण ठाव नाय.”

बंधुभगिनींनो, त्या रात्री मला झोप आली नाही. तिने मला मुकादमाच्या ओळीत बसवले होते आणि त्यात रागाचा लवलेश नव्हता. जसे होते तसे तिने सांगितले. मी प्रामाणिक होते, मुकादम कदाचित नव्हता. पण तिच्या बाजूने पाहिले तर फरक काय? दोन्ही वह्या तिला सारख्याच बंद होत्या. एकीवर तिला भीतीने विश्वास ठेवावा लागत होता, दुसरीवर प्रेमाने, पण तपासून पाहणे दोन्हीकडे नव्हते. अलीशाने त्या विधवेचे तेल स्वतः विकले नाही. मी विकत होते.

त्यानंतर आम्ही वही बदलली. आजीची नात तेव्हा सातवीत होती. आपल्याच सहाय्याने मुलींसाठी तालुक्याच्या गावी राहण्याची सोय केली आहे, तिथे ती राहत होती. पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत ती घरी आली तेव्हा वही तिच्या हातात दिली. दर संध्याकाळी अकरा बायका अंगणात बसायच्या आणि ती मोठ्याने वाचायची. आज इतके रातांबे आले, इतके मीठ लागले, टेम्पोचे भाडे इतके. ऐकणाऱ्यांपैकी कोणीतरी म्हणायचे, मीठ दोन गोणी नव्हे, तीन. मग ती खोडून दुरुस्त करायची. चार वर्षांत माझी वही कोणी दुरुस्त केली नव्हती. माझी वही बिनचूक होती म्हणून नव्हे, कोणाला कळत नव्हती म्हणून.

एके दिवशी तिने मला विचारले, “ताई, यात आजीची मजुरी कुठे धरलीय?” मी म्हटले, मजुरी कशी धरणार, काम तर आपलेच आहे. ती म्हणाली, “शाळेत नफा-तोट्याचं गणित आहे, त्यात वस्तूवरचा सगळा खर्च धरतात. आजी दुसरीकडे कामाला गेली असती तर तिला रोज मिळाला असता.” आम्ही दोघी बसलो आणि मागच्या चारही हंगामांचा हिशेब पुन्हा मांडला. अकरा बायकांचे दिवस मोजले, साधा रोज धरला. चारपैकी तीन हंगामांत नफा नव्हताच, तोटा होता. बायका आपली मजुरी खाऊन आमसुले करत होत्या आणि मी त्याला नफा म्हणत होते. तेव्हा याच त्रैमासिकात मी जे छापले ते चुकीचे होते. ते मी आज आपल्यासमोर मागे घेते. आणि चूक पकडली ती सातवीतल्या मुलीने, तिला शाळेत शिकवलेल्या गणिताच्या जोरावर.

शिक्षण आणि लघुउद्योग यांचा संबंध मी इथे शिकले. आपण समजतो, की शिक्षण म्हणजे नोकरी, आणि ज्याला नोकरी मिळाली नाही त्याने धंदा करावा. वाडीत मला उलटे दिसले. नोकरदाराचा हिशेब ठेवायला कचेरी असते, त्याचा पगार कोणीतरी काढतो. लहान उद्योग करणाऱ्याला सगळे स्वतः वाचावे लागते. तराजूचा काटा, बिलावरचा आकडा, पाकिटावरची तारीख, बँकेचा अर्ज. सर्वांत जास्त अक्षर त्यालाच लागते, आणि सर्वांत कमी अक्षर आपण त्यालाच दिले आहे.

तिच्या हिशेबावरून आम्ही तीन गोष्टी बदलल्या. एक, सगळा माल सुटा न विकता काही भाग लहान पाकिटांत भरायला लागलो. खाद्यपदार्थ विकायचे तर अन्नसुरक्षेची नोंदणी लागते. आम्ही केली तेव्हा वर्षाला बारा लाखांच्या आतल्या उलाढालीला साधी नोंदणी पुरत होती, आणि तिची फी वर्षाला १०० रुपये होती. इतकी वर्षे आम्ही ती केली नव्हती, कारण कोणी वाचले नव्हते. दोन, उद्यम नोंदणी केली. ती विनाशुल्क आहे. १ एप्रिल २०२५ पासून अडीच कोटी रुपयांपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योग ‘सूक्ष्म’ समजला जातो. म्हणजे आमची चार पिंपे आणि कोणाचा अडीच कोटींचा कारखाना सरकारच्या एकाच खणात. बायकांना हे सांगितले तेव्हा त्या पोट धरून हसल्या.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आता माल बिलाशिवाय जात नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यात अशी तरतूद आहे, की सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेणाऱ्याने लेखी मुदत ठरली असेल तर त्या मुदतीत पैसे द्यावेत, आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. लेखी काही ठरले नसेल तर १५ दिवस. उशीर केला तर बँक दराच्या तिप्पट व्याज. हा कायदा त्या ‘बाकी उधार’ चिठ्ठीच्या दिवशीही होता. पण कायदा तारीख विचारतो, सही विचारतो. चिठ्ठीवर दोन्ही नव्हते, आणि ते नाही हे ओळखणारे वाडीत कोणी नव्हते.

कागदाविषयी आणखी एक सांगते. आदिवासींसाठी असलेले कर्ज किंवा अनुदान घ्यायचे तर जातीचा दाखला लागतो. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. जे घराणे पिढ्यान्‌पिढ्या भट्टीमागे फिरले, ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्याने १९५० चा कागद कुठून आणावा? ज्यांचे आजोबा शाळेत गेले त्यांच्याकडे शाळा सोडल्याचा दाखला असतो. ज्यांचे गेले नाहीत त्यांच्याकडे ती एक ओळ नसते. त्यात आपला जिल्हा अनुसूचित क्षेत्रात येत नाही, आणि आदिवासी विकासाचे प्रकल्प कार्यालय आहे रायगड जिल्ह्यात, पेणला. खेड-दापोलीच्या वाडीतून पेणला जाऊन यायचे म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडते. १५ नोव्हेंबर २०२३ ला केंद्र सरकारने आदिम जमातींसाठी जनमन अभियान सुरू केले, त्यात दाखले आणि आधार कार्डांसाठी शिबिरे झाली. त्याचा फायदा झाला. तरी मला वाटते, शाळेच्या पटावर आज लिहिलेली मुलीच्या नावाची ओळ ही तिच्या नातवंडांची मालमत्ता आहे. जमीन आपण देऊ शकत नाही. ही ओळ आपण देऊ शकतो.

हे होऊ शकते का, असे कोणी विचारेल. ठाणे जिल्ह्यात शहापूरला कातकरी तरुणांनी रानातली गुळवेल गोळा करून, सुकवून विकायला सुरुवात केली. वन धन योजनेखाली त्यांचे केंद्र झाले. अशा एका केंद्रात वीस-वीस जणांचे पंधरा गट, म्हणजे तीनशे माणसे असतात. त्यांची गुळवेल देशातल्या नामांकित औषध कंपन्यांपर्यंत गेली. हेच कातकरी, हेच रान. कंपनीची मागणी कागदावर येते. माल किती सुका हवा, किती हवा, कोणत्या तारखेला हवा. ती वाचणारे आणि तिला उत्तर लिहिणारे कोणी आपल्यातले असले, तरच तीनशे माणसांचे काम उभे राहते.

आता त्या मुलीचे पुढे काय झाले ते सांगून मी थांबते. गेल्या वर्षी दिवाळीला मुकादम तिच्या घरी आला. वडिलांचे पायाचे दुखणे होते, पैशांची गरज होती. उचल घ्यायचे ठरले. आई म्हणाली, पोरगी पण येऊ दे, धाकट्याला कोण बघणार? मी गेले, बोलले. शेवटी आजी उभी राहिली आणि म्हणाली, “पोरगी जायाची नाय. वही कोन वाचल?” मुलगी राहिली. आज ती नववीत आहे.

तिचा दहा वर्षांचा भाऊ मात्र भट्टीवर गेला. त्याला ठेवायला आपल्याकडे जागा नव्हती, कारण आपली सोय फक्त मुलींची आहे. तो पाचवीत होता. जूनमध्ये परत आला तेव्हा मी त्याला पुस्तक दिले. त्याने ते हातात घेतले, उलटसुलट केले आणि बहिणीकडे दिले. मी आजही त्याचा चेहरा विसरू शकत नाही. त्या विधवेच्या गोष्टीत दोन मुले आहेत, आणि दोन्ही मुले घरीच राहिली. आमच्या गोष्टीत एक राहिले.

म्हणून माझी विनंती साधी आहे. अलीशाने शेजाऱ्यांकडून तेल मागितले नाही, रिकामी भांडी मागितली. तेल तिचेच होते. आपण तिचे शेजारी आहोत.

पहिले भांडे, नोव्हेंबर ते मे या महिन्यांसाठी मुलांच्या राहण्या-जेवण्याची सोय. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी शासनाची हंगामी वसतिगृहाची योजना आहे. ती आपल्या तालुक्यांत मिळावी म्हणून मंडळींनी अर्ज करावेत, पंचायत समितीत जाऊन विचारावे. ती मिळेपर्यंत निदान आठ मुलांची सोय आपण करू शकतो. नाताळाच्या कपड्यांचे पैसे या वर्षी दिवाळीपूर्वी दिलेत तर ते त्या दारापर्यंत वेळेवर पोहोचतील.

दुसरे भांडे, आपल्यापैकी निवृत्त शिक्षक, बँकेतले, पोस्टातले बंधुभगिनी पुष्कळ आहेत. महिन्यातून एक शनिवार वाडीत या. हिशेब लिहून देऊ नका. लिहायला शिकवा, आणि चुकले तर चुकू द्या. ज्याला वही द्यायची त्याला आपण धर्म विचारत नाही, विचारूही नये. अक्षर कोणाला बांधून ठेवण्यासाठी नाही.

तिसरे भांडे सर्वांत सोपे. बाहेर टेबलावर आमसुलांची पाकिटे ठेवली आहेत. घ्यायची असली तर घ्या, पण दया म्हणून जास्त पैसे देऊ नका. पाकिटावर भाव लिहिला आहे, तेवढेच द्या आणि बिल मागून घ्या. टेबलामागे नववीतली एक मुलगी बसली आहे. बिल ती स्वतः लिहील. या भावात आजीची मजुरी धरलेली आहे.

प्रभू आपणां सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.